कोझो, मित्सुमाता, गाम्पी: जपानी कागद घेताना आधी झाड विचारा

प्रश्न असा आलाय: घरात पणजोबांच्या हातच्या पोथ्या आहेत, पानांच्या कडा झिजल्यात, मध्ये मध्ये कसरीने भोकं पाडलीयत, आणि कुणीतरी "जपानी टिश्यू लावा" असं सांगितलंय. ऑनलाईन बघायला गेलं तर राइस पेपर, मलबेरी पेपर, वॉशी, कोझो, तेंगुजो, गाम्पी अशी नावंच नावं, आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी पट. मग यातला घ्यायचा कोणता, हा फरक खरंच आहे की नुसतं मार्केटिंग, आणि असा कागद घरी करता येईल का?

फरक खरा आहे, आणि भरपूर आहे. मी कागद-संवर्धनाचं काम बरीच वर्षं करतेय, जपानी कागद रोज हातात असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. घाईत असाल तर एवढं लक्षात ठेवा: शंभर टक्के कोझोचा, पोथीच्या पानापेक्षा पातळ असा कागद घ्या आणि तो गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावा. पण हे का, ते कळलं तर दुकानात किंवा वेबसाईटवर तुम्हाला कुणी काहीही खपवू शकणार नाही, म्हणून पुढचंही वाचा.

पहिली गोष्ट, राइस पेपर म्हणून जे विकतात त्याचा बहुतेक वेळा तांदळाशी काही संबंध नसतो, ते नाव दिसलं की समजायचं विकणाऱ्याला माल काय आहे ते माहीत नाही किंवा सांगायचं नाहीये. वॉशी म्हणजे जपानी कागद, पण हे नावही आता फार सैल झालंय. जपानमध्येच मशीनवर लाकडाच्या लगद्यात थोडा इतर धागा मिसळून केलेला कागदही वॉशी म्हणून विकला जातो, आणि स्टेशनरीच्या दुकानातली रंगीत वॉशी टेप तर बहुतेक वेळा मशीनचीच. म्हणून माझा पहिला प्रश्न कायम एकच असतो: झाड कुठलं? त्यानंतर ते झाड कुठे वाढलं, साल कशात उकळली, आणि कागद कशावर वाळवला. या चार प्रश्नांची उत्तरं जो देऊ शकतो त्याच्याकडून घ्यावा.

झाडाला इतकं महत्त्व का, तर पारंपरिक जपानी कागद लाकडापासून होतच नाही, तो होतो अंतर्सालीपासून, म्हणजे बाहेरची काळी साल आणि आतलं लाकूड यांच्या मधल्या चिवट पांढऱ्या थरापासून. आपल्याकडे ताग आणि अंबाडीचा धागा याच थरातून निघतो, त्यामुळे हा प्रकार आपल्याला अगदी अनोळखी नाही. या थरात लिग्निन फार कमी असतं. लिग्निन म्हणजे लाकडाला कडक ठेवणारा पदार्थ, वर्तमानपत्र उन्हात दोन दिवस ठेवलं की पिवळं पडतं ते त्याच्यामुळेच. लाकडातून ते काढायला जोरदार केमिकल लागतात आणि त्यात धाग्याचंही नुकसान होतं, अंतर्सालीला मात्र सौम्य अल्कलीत उकळलं तरी पुरतं, आणि धागा जवळजवळ जसाच्या तसा हातात येतो. लांबीत तर तुलनाच नाही. लाकडाच्या लगद्यातला तंतू साधारण १ ते ३ मिलिमीटर, कोझोचा सरासरी १० मिलिमीटरच्या आसपास आणि काही त्याहून बरेच लांब. लांब तंतू एकमेकांत अडकतात, म्हणून २ ग्रॅमचा कागदसुद्धा हातात धरता येतो. (ग्रॅम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, तुमच्या झेरॉक्सचा कागद ७०–८० ग्रॅमचा असतो, त्यावरून अंदाज घ्या.)

आता कोझो. हे झाड वड, पिंपळ, फणस, तुती यांच्याच कुळातलं, इंग्रजीत पेपर मलबेरी म्हणतात म्हणून बाजारात मलबेरी पेपर हे नाव आलं. जपानमध्ये ते डोंगरउतारावर, शेताच्या बांधावर लावतात, दरवर्षी हिवाळ्यात पानं गळाली की फांद्या बुंध्यापासून छाटतात आणि वसंतात त्याच बुंध्यातून नवीन फुटवे येतात, म्हणजे झाड मरत नाही, वर्षानुवर्षं तेच झाड साल देत राहतं. छाटलेल्या फांद्यांच्या मोळ्या मोठ्या भांड्यात वाफवायच्या, गरम असतानाच साल ओढून काढायची, वाळवायची. मग पुन्हा भिजवून एकेक पट्टी सुरीने खरवडून काळा थर काढायचा. त्याखाली एक हिरवट थर असतो, आणि तो ठेवायचा की काढायचा यावर कागदाचा स्वभाव बदलतो. शिमाने प्रांतातला सेकिशू-बान्शी नावाचा कागद हा हिरवट थर मुद्दाम ठेवून करतात, म्हणून तो किंचित मातकट रंगाचा आणि भलताच चिवट असतो. गिफू प्रांतातल्या मिनोच्या कागदाला मात्र अगदी स्वच्छ पांढरी साल लागते. दोन्ही कोझोचेच, दोन्ही उत्तम, पण हातात घेतले तर वेगळ्या झाडांचे वाटावेत इतका फरक.

या सगळ्या सोलण्या-खरवडण्यात वजन किती घटतं याचा अंदाज बाहेरच्या माणसाला येत नाही. शंभर किलो फांद्या आणल्या तर शेवटी हातात येणारा कागद पाच किलोही भरत नाही. किंमत बघून दचकायच्या आधी हा हिशेब डोक्यात असावा.

उकळायला पूर्वी लाकडाच्या राखेचं पाणी वापरत, अजूनही काही जण वापरतात. आज जास्त करून सोडा अॅश, म्हणजे धुण्याचा सोडा चालतो, काही ठिकाणी चुना, आणि घाईचं काम असेल तर कॉस्टिक सोडा. राख सगळ्यात सौम्य, कॉस्टिक सगळ्यात कडक, आणि जितकं कडक तितका कागद मऊ-लिबलिबीत आणि आयुष्याने कमी, असं ढोबळपणे धरून चाला. उकळून झालं की साल वाहत्या गार पाण्यात धरून हाताने निवडतात, काळे ठिपके, गाठी, सालीचे तुकडे, एकेक करून. हे काम भर हिवाळ्यात, गार पाण्यात हात घालून, तासन्‌तास बसून चालतं आणि परंपरेने ते बहुतेक बायकांनी केलंय. कागदावर नाव मात्र पाण्यातून कागद उचलणाऱ्याचं येतं. मला हे कायम खटकतं, कारण मी दुरुस्तीला बसते तेव्हा कागद स्वच्छ असणं हेच माझ्यासाठी अर्धं काम असतं.

काही भागांत साल ब्लीच न करता बर्फावर पसरून ठेवतात, नागानो प्रांतातला उचियामा कागद यासाठी प्रसिद्ध आहे. ऊन आणि बर्फ मिळून साल हळूहळू उजळते आणि क्लोरीनचा संबंधच येत नाही. संवर्धनासाठी कागद घेताना क्लोरीन ब्लीच झालंय का हे विचारायचंच, कारण नीट धुतलं नाही तर त्याचा त्रास वीस-तीस वर्षांनी दिसतो, तुमच्या पोथीवर.

मग कुटणं. युरोपियन पद्धतीच्या बीटरमध्ये, म्हणजे लगदा कुटायच्या यंत्रात, पाती तंतू चिरडतात, कापतात, पिंजतात. जपानी कारागीर लाकडी दांड्याने सालीचा गोळा ठोकतो, आणि त्याला फक्त तंतू सुटे करायचे असतात, तोडायचे नसतात. मशीन आलं तेही वेगळं आलं, नागिनाता बीटर म्हणतात त्याला, वळणदार पाती पाण्यात फिरून तंतू मोकळे करतात. माझ्या मते जपानी कागदाचं सगळं मर्म इथे आहे: झाडाने जो तंतू दिला तो शेवटपर्यंत अखंड ठेवायचा. छाटणीपासून वाळवण्यापर्यंत प्रत्येक पायरीवर हीच काळजी दिसते.

पण इतके लांब तंतू पाण्यात टाकले तर लगेच एकमेकांत गुंतून गोळे होतात, तळाशी बसतात. त्यावर उपाय म्हणजे नेरी. तोरोरो-आओई नावाचं झाड आहे, भेंडीच्याच वंशातलं, फूलही तसंच पिवळं. त्याची मुळं ठेचून गार पाण्यात भिजवली की भेंडी चिरल्यावर येतो तसा बुळबुळीत चिकट द्रव सुटतो, तो कापडातून गाळून तंतू आणि पाण्याच्या कुंडात घालतात. बऱ्याच लोकांना वाटतं हा गोंद आहे. गोंद अजिबात नाही. त्याचं काम पाणी जाड करायचं, म्हणजे तंतू तरंगत राहतात आणि जाळीतून पाणी सावकाश निथळतं, कारागिराला हलवायला वेळ मिळतो. उष्णतेने नेरी पातळ होते, चिकटपणा जातो, म्हणून चांगला कागद थंडीत होतो. शेतीची कामं संपलेली, साल ताजी, पाणी गार, नेरी टिकते, सगळंच थंडीशी जुळून येतं.

कागद उचलतानाचं काम एकदा तरी व्हिडिओत नीट बघा. सुकेता म्हणजे लाकडी चौकट आणि तिच्यात बसणारी बांबूच्या अगदी बारीक काड्यांची, रेशमी दोऱ्याने विणलेली चटई. कारागीर पहिलं पाणी पटकन उचलतो आणि लगेच सांडतो, त्याने एक पातळ सलग थर बसतो, हा कागदाचा चेहरा. मग पुन्हा उचलतो, आता चौकट मागेपुढे हलवतो, काही ठिकाणी आडवीही हलवतात, तंतू एकमेकांवर आडवेतिडवे बसत जातात, हवी तेवढी जाडी येईपर्यंत हे चालू. आणि शेवटी वर उरलेलं पाणी पुढच्या कडेवरून झटक्यात फेकून देतो, त्याबरोबर सुटे गोळे आणि कचरा निघून जातो. याला नागाशिझुकि म्हणतात. दुसरी पद्धत तामेझुकि, एकदा उचलायचं आणि पाणी निथळू द्यायचं, जाड कागदासाठी. नागाशिझुकिचे ओले कागद एकावर एक थेट रचतात, मध्ये कापड नाही, फेल्ट नाही, काही नाही, शेकडो ओल्या कागदांचा ढीग, आणि हळूहळू दाब वाढवत पाणी काढलं की दुसऱ्या दिवशी एकेक कागद अलगद सुटतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे खरंच वाटत नाही. तेही नेरीमुळेच शक्य होतं.

वाळवणं दोन प्रकारचं. लाकडी फळीवर ब्रशने चिकटवून उन्हात, किंवा वाफेवर तापवलेल्या लोखंडी किंवा स्टीलच्या पत्र्यावर. फळीवरचा सावकाश वाळतो, मऊ राहतो, नीट बघितलं तर फळीच्या रेषांचा पुसटसा ठसाही दिसतो. पत्र्यावरचा गुळगुळीत आणि सपाट. दुरुस्तीसाठी मी शक्यतो फळीवरचा घेते, ओला केल्यावर तो कमी नखरे करतो.

मित्सुमाता वेगळं झाड. फांदी प्रत्येक वेळी तीन फाट्यांत फुटते, वसंतात पिवळे गुच्छ येतात, साल साधारण तीन वर्षांनी काढतात. तंतू आखूड, ३ ते ५ मिलिमीटर, पण बारीक आणि एकसारखा, त्यामुळे कागद गुळगुळीत, किंचित पिवळसर, छपाईला फार सुंदर. जपानच्या नोटा याच्यामुळे प्रसिद्ध आहेत, मेइजी काळापासून (१८६८–१९१२) नोटांच्या कागदात मित्सुमाता वापरतात, आज त्यात अबाका म्हणजे केळीच्या जातीच्या झाडाचा धागाही असतो. जुलै २०२४ मध्ये ज्या नवीन येन नोटा आल्या त्यांच्यासाठीची मित्सुमाताची साल मोठ्या प्रमाणावर नेपाळहून जाते. तिथल्या डोंगरात याच वंशाचं झाड वाढतं, त्याला अर्गेली म्हणतात, शेतकरी लागवड करून साल जपानी पद्धतीने स्वच्छ करून पाठवतात. जपानमधली लागवडीची गावं म्हातारी होत चालल्यामुळे हे झालं. मित्सुमाता पोथीच्या दुरुस्तीला मी सुचवणार नाही, घडीवर तो कोझोइतका टिकत नाही. लिनोकट, एचिंग म्हणजे कोरलेल्या ठशांवरून चित्रं छापणाऱ्यांनी मात्र जरूर वापरून बघावा.

गाम्पी हा माझा सगळ्यात आवडता, आणि नवख्याने सगळ्यात शेवटी हात लावावा असा. झाड लहानसं, शेतात लावायला गेलं तर धड वाढत नाही, म्हणून साल अजूनही मुख्यतः डोंगरातून गोळा करावी लागते, आणि ती हिवाळ्यात नाही तर झाडात रस चढलेला असताना काढतात. गाम्पी आणि मित्सुमाता एकाच कुळातले, नेपाळी लोकताही त्याच कुळातला, आणि आपल्याकडे सह्याद्रीत पिवळ्या फुलांचा रामेठा दिसतो ना, तोही याच कुळातला. गाम्पीचा कागद हातात घेतला की आधी आवाज येतो, करकरीत, आणि मग चमक दिसते, जवळजवळ रेशमी. पारदर्शकपणा तंतूचाच, वरून काही लावलेलं नसतं. शाई पसरत नाही, बारीकातली बारीक रेघ धरून ठेवतो. डच व्यापाऱ्यांमार्फत जपानी कागद युरोपात पोचला तेव्हा डच चित्रकार रेम्ब्राँटने १६४७ च्या आसपासपासून आपल्या काही एचिंग त्यावर छापल्या, ते ठसे आजही म्युझियममध्ये बघितले तर त्यांची ऊब वेगळीच आहे. ह्योगो प्रांतातल्या नाजिओ गावात गाम्पीच्या लगद्यात तिथली बारीक माती मिसळून कागद करतात, आणि पारंपरिक जपानी पद्धतीने सोन्याचा वर्ख ठोकायलाही गाम्पीचाच कागद वापरतात. पण ओला झाला की गाम्पी जबरदस्त आकसतो. पोथीच्या पानाला गाम्पीचा तुकडा खळीने लावलात तर वाळताना तो पानालाच ओढून चुण्या पाडेल.

गावांबद्दल थोडं. जपानच्या जुन्या इतिहासग्रंथात ६१० साली कोरियातून आलेल्या डोंचो नावाच्या भिक्खूला कागद आणि शाई करायचं ज्ञान होतं अशी नोंद आहे, आणि ७०२ सालच्या जनगणनेचे कागद, त्यात मिनोचेही, नारामधल्या शोसोइन या जुन्या खजिन्याच्या कोठारात आजही शाबूत आहेत. तेराशे वर्षं. कोझो सुचवण्यामागे माझं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, याची परीक्षा लॅबमध्ये कृत्रिम उष्णता देऊन नाही, प्रत्यक्ष काळाने घेतलीय. २०१४ मध्ये युनेस्कोने तीन कागदांची कला वारसा म्हणून नोंदवली, सेकिशू-बान्शी (हा २००९ मध्ये एकटा नोंदवला होता), होन-मिनोशी आणि सायतामा प्रांतातला होसोकावा-शी, तिन्ही निव्वळ कोझोचे. फुकुई प्रांतातल्या एचिझेनला तर कागदाची देवी आहे, कावाकामी गोझेन, तिचं देऊळ गावाच्या वर डोंगरात. तिथले इवानो इचिबेई (हे नाव लावणारे नववे) २००० साली लिव्हिंग नॅशनल ट्रेझर झाले, हा जपान सरकारचा कारागिरांसाठीचा मान, होशो नावाच्या जाड मऊ कागदासाठी, लाकडी ठशांची छपाई करणारे त्यावर जीव टाकतात. आणि शिकोकू बेटावरचं तोसा, म्हणजे आजचं कोची, तिथला तेंगुजो हा अतिशय पातळ कागद पोथीवाल्यांच्या सगळ्यात कामाचा. हाताने केलेला तेंगुजो आता फार थोडे करतात, पण तिथे मशीनवर निव्वळ कोझोचा १.६ ग्रॅमचा कागद काढतात, अक्षरांवर लावला तर दिसत नाही. मशीनचा म्हणून नाक मुरडू नका, इतका पातळ आणि एकसारखा कागद दुरुस्तीत वरदान आहे.

काळजीची बाब अशी की १९०१ च्या सुमारास जपानमध्ये ६८ हजारांवर घरं कागद करत होती, आज काहीशेच उरलीत. कोझो लावणारे शेतकरी त्याहून वेगाने कमी होतायत. नेरीचं झाड मुख्यतः इबाराकी प्रांतात होतं, मुळं पोसावीत म्हणून त्याच्या कळ्या हाताने खुडाव्या लागतात, आणि तिथल्या वयस्कर शेतकऱ्यांनी २०१९ च्या सुमारास लागवड सोडायचं बोलून दाखवल्यावर कागद करणाऱ्या गावांचं धाबं दणाणलं होतं. कोझो लावणारे असे घटल्यामुळे थायलंड, चीन, अगदी पॅराग्वेतून कोझोची साल येते. थाय कोझो वाईट असतो असं नाही, पण त्यात तेलकट, चिकट अंश जास्त, तंतू जरा राठ. ग्रीटिंग कार्ड, दिवे, बाइंडिंगच्या कव्हरला मस्त चालतो आणि स्वस्तही पडतो. पोथीला मात्र जपानी कोझोच घ्या. लेबलवर तोसा कोझो किंवा नासू कोझो लिहिलेलं असेल तर उत्तम, होन-मिनोशीला नासूचीच साल वापरतात.

आता तुमची पोथी. जुन्या मराठी पोथ्या, दफ्तरं बहुतेक जुन्नरी किंवा दौलताबादी कागदावर असतात, चिंध्या, गोणपाट, जुने दोर कुटून केलेला आणि वरून खळ लावून घोटलेला कागद. तोही चिवट, हाताने केलेला, लिग्निन कमी असलेला. त्यामुळे कोझोशी त्याचं छान जमतं. १९६६ मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला पूर आला, हजारो ग्रंथ चिखलात गेले, तेव्हा जगभरातून आलेल्या संवर्धकांनी जपानी कागद मोठ्या प्रमाणावर वापरला आणि तिथून तो सगळीकडच्या लॅबमध्ये पोचला. कारण साधं होतं: तो मूळ पानापेक्षा मऊ असतो. उद्या ताण आलाच तर दुरुस्तीचा कागद सुटला पाहिजे, मूळ पान फाटता कामा नये.

कसरीच्या भोकांना आणि झिजलेल्या कडांना पानाच्या रंगाच्या जवळचा, न ब्लीच केलेला कोझो लागेल, आणि अक्षरांवरून जाणाऱ्या फाटीला तेंगुजो, ३ ते ५ ग्रॅमचा. कात्री लावायची नाही. कागदावर बारीक ब्रशने पाण्याची रेघ ओढा, क्षणभर थांबा, मग दोन्ही हातांनी रेघेच्या दोन बाजूंनी हळूच ओढा. कागद फाटत नाही, उसवतो, आणि कडेला लांब लांब तंतूंची लव सुटते. ही लव म्हणजेच जोड. खळ लावून तुकडा ठेवला की तंतू मूळ पानावर पसरतात आणि वाळल्यावर बोट फिरवलं तरी कड लागत नाही. कात्रीची सरळ कड लावली तर पान पुढे नेमकं त्याच रेघेवर मोडतं. मोठ्या तुकड्याला आधी कागदाची दिशा बघा, ज्या बाजूने सहज सरळ फाटतो ती दिशा पानाच्या दिशेशी जुळवा, नाहीतर वळ्या येतात.

खळ कणकेची नको. कणकेत ग्लुटेन असतं, ते पिवळं पडतं, कडक होतं आणि कसरीला आमंत्रण देतं. कुरडयांसाठी गहू भिजवून आपण जो चीक काढतो तो मुळात गव्हाचा स्टार्चच, पण घरच्या चिकात ग्लुटेन आणि आंबूसपणा राहतो, म्हणून संवर्धनासाठी मिळणारा शुद्ध गव्हाचा स्टार्च मागवा. एक भाग स्टार्च, चार-पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत वीस-पंचवीस मिनिटं, गार झाला की चाळणीतून घासून काढा आणि पाणी घालून दाट ताकाइतका पातळ करा. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. ते करू नका, तांब्याने कागद कालांतराने जळल्यासारखा होतो. खळ रोज ताजी करा, उरली तर टाकून द्या.

लावायच्या आधी शाई तपासा, हे विसरू नका. पोथीची काळी शाई काजळीची, तिच्यात डिंक, म्हणजे ओल लागली की ती उठू शकते, आणि लाल शाई तर हमखास. कोपऱ्यातल्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या ठिपक्यावर ओला कापसाचा बोळा हलकेच टेकवून बघा. रंग आला तर तिथेच थांबा आणि पोथी संवर्धकाकडे न्या. कुठे पिवळी हरताळ फासून अक्षर खोडलेलं असेल तर तिथे उघडा हात नको, त्यात आर्सेनिक असतं. शाई पक्की असेल तर खळ तुकड्याला लावायची, पानाला नाही, तीही अगदी कमी. वर न चिकटणारं पॉलिस्टरचं पातळ कापड, मग टीपकागद, मग काच आणि वजन. टीपकागद पहिल्या अर्ध्या तासात दोनदा बदला.

सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन हे तिन्ही कायमचे वर्ज्य. यापैकी काही आधीच लागलं असेल तर ओढून काढायचा प्रयत्न करू नका. आणि पान हातात घेताच भुगा होत असेल तर घरी काहीच करू नका, ते पान दोन जाड स्वच्छ कागदांच्या मध्ये ठेवा, पोथी सुती रुमालात बांधा आणि जाणकाराला दाखवा.

शेवटचा प्रश्न होता की असा कागद घरी करता येईल का. पोथीला लावण्याइतका चांगला लगेच नाही, पण समजून घेण्यासाठी जरूर करा, मी शिकायला येणाऱ्या सगळ्यांना करायला लावते. कोझो मिळाला नाही तरी साध्या तुतीच्या सालीपासूनही कागद होतो, मध्य आशियात तुतीचा कागद फार जुना आहे. जालना-बीडकडे रेशीम शेती करणाऱ्यांच्या बांधावर छाटलेल्या तुतीच्या फांद्या पडलेल्या असतात, त्या मागून आणा. वाफवून साल काढा, काळा थर खरवडा, आणि वाळल्या सालीच्या वजनाच्या साधारण पाचव्या भागाइतका सोडा अॅश पाण्यात घालून स्टीलच्या पातेल्यात उकळा. अॅल्युमिनियमचं भांडं घेऊ नका, सोडा ते खातो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. नेरीसाठी भेंडीची मुळं ठेचून भिजवली तरी नवशिक्याचं काम भागतं. दोन तासांनी एक पट्टी बाहेर काढून गार पाण्यात धुवा आणि आडवी ओढून बघा. जाळीसारखी उघडली तर झालं, तेवढ्यावर गॅस बंद करा. उभी ओढल्यावरही तुटायला लागली तर जास्त शिजलीय, पुढच्या वेळी अर्धा तास कमी ठेवा.